रक्तात जंतू कमी, तरी माणूस जास्त आजारी? (मलेरिया, गणित आणि आमचे आप्पा)

पांझराकाठ
मंडळी, घरात भांडण लागलंय आणि ते सोडवायला इथे आलोय.

माझी पुतणी जळगावला विद्यापीठात गणितात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी तिनं विषय घेतलाय मलेरियाचा. डास किती, गावात रुग्ण किती, असलं नाही. जंतू एकदा रक्तात शिरला की पुढे माणूस आजारी कसा पडतो, याचं गणिती मॉडेल. एक समीकरण तांबड्या पेशींचं, एक जंतूंचं, एक प्रतिकारशक्तीचं, असं काहीतरी.

रविवारी सगळे धुळ्याला जमलो होतो. शेवभाजीचा बेत. तिनं हौसेनं आजोबांना, म्हणजे आमच्या आप्पांना, विषय सांगितला. आप्पा हिवताप खात्यात होते, सगळी नोकरी अक्राणीच्या डोंगरात पायी फिरून केली. ते म्हणाले, "एकतीस वर्षं रक्ताच्या काचपट्ट्या गोळा केल्या, एका पट्टीवर समीकरण दिसलं नाही मला." पोरगी रडायचीच बाकी.

रात्री ओट्यावर बसल्यावर मात्र आप्पांनी एक गोष्ट काढली. ऐंशीच्या दशकातली. एकाच पाड्यावरचे दोन सख्खे भाऊ, दोघांना एकदमच ताप. आप्पांनी दोघांची बोटं टोचून पट्ट्या घेतल्या. थोरल्याच्या पट्टीत जंतू खच्चून भरलेले. धाकट्याच्या पट्टीत शोधून शोधून चार-दोन. दोन्ही पीएफ (फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा मलेरिया). थोरला स्वतः चालत दवाखान्यात आला. धाकटा दुसऱ्या दिवशी बेशुद्ध झाला आणि झोळीतून आणताना वाटेतच गेला. आप्पांनी तेव्हा धरून चाललं की तंत्रज्ञानं पट्ट्यांची अदलाबदल केली. त्या माणसाशी पुढे जन्मात बोलले नाहीत.

तर प्रश्न असा: जंतू कमी आणि आजार जास्त, हे होऊ शकतं का? आणि यात गणित काही सांगू शकतं का, की आप्पा म्हणतात तेच खरं?

वांग्याचं_भरीत
पहिला! शेवभाजी म्हटलं की मी हजर. बाकी गणितात दहावीला काठावर पास, त्यामुळे मागच्या बाकावर बसतो.

केळीवाला_रावेर
आप्पांशी सहमत. हिवतापाचा उपाय शंभर वर्षांपासून माहीत आहे. पाणी साचू देऊ नका, गप्पी मासे सोडा, मच्छरदाणी लावा, ताप आला की रक्त तपासा. यात समीकरण कुठे बसतं? पोरीला सांगा, केळीवरच्या करप्याचं मॉडेल कर, इथे चार लोक पाया पडतील.

आकडेमोड
मूळचा चाळीसगावचा, सध्या पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो. जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी दोन गणितं वेगळी करू. एक गावातलं, एक शरीरातलं. गावातलं गणित जुनं आहे. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधणारा रोनाल्ड रॉस (२० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद, नोबेल १९०२) यानंच ते सुरू केलं. लोक त्याला म्हणायचे, सगळे डास मारणं शक्य नाही, मग खटाटोप कशाला? त्यानं आकडेमोड करून दाखवलं की सगळे मारायची गरजच नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की रोग आपोआप ओसरतो. केळीवाले भाऊ, तुमचे गप्पी मासे त्याच हिशेबावर पोहतात.

पुतणीचं गणित शरीरातलं आहे. समजा डासानं १० जंतू सोडले. ते आधी यकृतात जातात. पीएफच्या बाबतीत तिथे आठवडाभरात एकेकाचे तीसेक हजार होऊन बाहेर पडतात. म्हणजे रक्तात उतरताना ३ लाख. तिथून ते तांबड्या पेशीत शिरतात, ४८ तासांत वाढतात, पेशी फोडतात आणि बाहेर पडलेले पुन्हा नव्या पेशीत घुसतात. एका पेशीतून १६-२० पिल्लं निघतात, पण सगळी जगत नाहीत. दर फेरीला दहापट धरू.

रक्तात उतरल्यापासून मोजा. दुसऱ्या दिवशी ३० लाख. चौथ्या दिवशी ३ कोटी. सहाव्या दिवशी ३० कोटी. अंगात ५ लिटर रक्त धरलं तर हे दर मायक्रोलिटरला ६० जंतू झाले, म्हणजे चांगल्या तंत्रज्ञाला पट्टीवर जेमतेम दिसतील इतके. त्याआधी पेशंट ठणठणीत आणि पट्टी कोरी. दहाव्या दिवशी ३ हजार कोटी. बाराव्या दिवशी ३० हजार कोटी. चौदाव्या दिवशी ३ लाख कोटी. आणि अंगातल्या एकूण तांबड्या पेशी किती? साधारण २५ लाख कोटी.

वर्तुळातला डास चावल्यावर लगेच ताप का येत नाही, हे या कागदावरच्या गुणाकारातून कळतं. शाळेतल्या पोराला जमेल असं आहे.

खान्देशी_तडका
मन्हं डोकं दुखाले लागनं. हाऊ कोनता ताप शे भो?

वांग्याचं_भरीत
@खान्देशी_तडका, गणिती ताप. दर ४८ तासांनी धागा उघडला की चढतो.

मी_अमळनेरची
आकडेमोड दादा, हे "वर्तुळातला डास" काय प्रकरण? आणि खरा प्रश्न म्हणजे तुमच्याच हिशेबानं सोळाव्या दिवशी ३० लाख कोटी होतात. पेशी २५ लाख कोटी. म्हणजे रक्तच संपलं! आमच्या ह्यांना मागच्या भाद्रपदात पंधरा दिवस अंगावर काढून मग पीएफ निघाला होता. ते समोर बसून चहा पिताहेत.

आकडेमोड
"वर्तुळातला" नाही हो, "मलेरियाचा" म्हणायचं होतं. मोबाइलवर टंकतोय आणि शेजारी मुलगा भूमिती करतोय, घोळ झाला.

आणि तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. गुणाकार तिथे मोडतो, म्हणून तर मॉडेल लागतं. दहापटीचा वेग कुठेतरी मंदावतोच. प्रश्न एवढाच की कोण मंदावतं? पांथरी खराब पेशी गाळून काढते, प्रतिकारशक्ती जागी होते, ताप स्वतःच जंतूंना त्रास देतो आणि मोकळ्या पेशी कमी पडायला लागतात. चारही कारणं खरी आहेत. कुणाचा वाटा किती, हे तोंडी सांगता येत नाही. समीकरणात घालून, रुग्णाच्या रोजच्या मोजणीशी ताडून बघावं लागतं. १९८९ मध्ये अँडरसन, मे आणि गुप्ता यांनी या प्रकारचं मूळ मॉडेल मांडलं, त्यात तीनच गोष्टी होत्या: निरोगी पेशी, बाधित पेशी आणि मोकळे जंतू. कुरण, गुरं आणि वासरं समजा. गवत संपत आलं की गुरं आपोआप कमी होतात.

पीव्हीत (व्हायवॅक्स, मलेरियाचा दुसरा प्रकार) तर कुरणच छोटं असतं. तो जंतू मुख्यतः नवजात तांबड्या पेशीतच शिरतो आणि त्या शंभरात एक-दोन असतात. म्हणून पीव्हीत पट्टी सहसा तुडुंब भरत नाही. पीएफला कुठलीही पेशी चालते.

काचपट्टी
नंदुरबार जिल्ह्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे, एकोणीस वर्षं झाली. आप्पांच्या त्या न बोललेल्या माणसाच्या बाजूनं लिहितोय.

पट्ट्यांची अदलाबदल झाली असेलही. धावपळीत होते, नाकारत नाही. पण न होताही असंच दिसू शकतं. पीएफचा जंतू पेशीत शिरला की पहिले अठरा-वीस तास छोट्या अंगठीसारखा दिसतो. ती पेशी रक्तात फिरत असते, बोट टोचलं की थेंबात येते. त्यानंतर जंतू पेशीच्या अंगावर चिकट गाठी उगवतो आणि ती पेशी मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या, आतड्याच्या बारीक नळ्यांना आतून चिकटून बसते. पांथरीत जाऊन मरायला नको म्हणून ही लपण्याची जागा. म्हणजे ४८ तासांतला निम्म्याहून जास्त वेळ तो बोटाच्या थेंबात नसतोच.

आता धाकट्याचे बहुतेक जंतू एकाच वयाचे, आणि सगळे चिकटून बसलेले असताना आप्पांनी बोट टोचलं असेल, तर पट्टीवर चार-दोनच येणार. थोरल्याचे कोवळे, फिरते असताना टोचलं, तर पट्टी भरलेली. आजार मात्र चिकटलेल्यांनी होतो. नळ्या तुंबतात आणि मेंदूला रक्त पोचत नाही.

मी स्वतः असा पेशंट पाहिलाय. पट्टीवर इतके कमी की मी तीनदा रंगवून पाहिली, आणि पोरगी खाटेवर डोळे फिरवून पडलेली. पीएफ असेल आणि पेशंट गळून गेला असेल, तर पट्टीवरच्या एका अधिकच्या खुणेवर (जंतू कमी असले की एकच + लिहितात) मी आता विश्वास ठेवत नाही.

केळीवाला_रावेर
@काचपट्टी, हे आधी सांगायचं ना भाऊ. ही तर बोंडअळी झाली!

चोपड्याकडे आमची कपाशी पण आहे. गुलाबी बोंडअळी पानावर दिसत नाही, बोंडाच्या आत असते. वरून झाड हिरवंगार आणि वेचणीला आत सगळी सरकी खाल्लेली. म्हणून कामगंध सापळे लावतात. सापळ्यात पतंग येतात, अळी येत नाही. तीन रात्री लागोपाठ सापळ्यामागे आठ पतंग आले तर फवारा, असं कृषीवाले सांगतात. दिसणाऱ्या पतंगावरून न दिसणाऱ्या अळीचा अंदाज. तुमची पट्टी म्हणजे सापळा.

आप्पांना म्हणावं, मी अर्धी माघार घेतली. अर्धीच.

पांझराकाठ
केळीवाले भाऊ, एका फटक्यात तुम्ही पुतणीला प्रस्तावना लिहून दिलीत. तिला लिंक पाठवलीय. आप्पांना अजून वाचून दाखवलेलं नाही.

डॉ_सुट्टीवर
काचपट्टी यांनी लिहिलंय ते बरोबर. त्यात एक भर घालतो.

बोंडातली अळी मोजता येते का? पीएफमध्ये काही प्रमाणात येते. हा जंतू एचआरपी-२ नावाचं प्रथिन सोडतो. आशाताईंच्या रॅपिड किटवर पीएफची रेघ येते ती यामुळेच. ते बरंचसं पेशी फुटताना बाहेर पडतं, आणि पेशी फुटते ती जंतू चिकटून बसलेला असतानाच. मग रक्तद्रवातलं प्रथिन मोजायचं, एका पेशीमागे किती सुटतं आणि किती वेगानं निचरा होतो ते धरायचं, आणि उलटा हिशेब करून अंगात एकूण जंतू किती असतील ते काढायचं. डोंडॉर्प आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये थायलंडमधल्या रुग्णांवर हे केलं. आजार किती गंभीर आहे याचा मेळ पट्टीवरच्या मोजणीपेक्षा या हिशेबाशी जास्त बसला. मूळ प्रश्नाचं उत्तर त्यात आहे: हो, होऊ शकतं.

दुसरी गोष्ट रक्तक्षयाची. पेशंटचं हिमोग्लोबिन बारावरून सातवर येतं आणि पट्टीवर शंभरात एक पेशी बाधित. एक टक्का पेशी फुटून एवढी घसरण कशी होईल? जेकमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जुन्या नोंदींवर मॉडेल बसवून पाहिलं. जंतूनं फोडलेल्या प्रत्येक पेशीमागे सुमारे साडेआठ निरोगी पेशीही नाहीशा होतात, असं निघालं. शरीर स्वतःच त्या काढून टाकतं. शिवाय अस्थिमज्जा नव्या पेशी करायची सुस्तावते. उपचारानंतर ताप गेला, जंतू गेले, तरी हिमोग्लोबिन आणखी काही दिवस उतरतच राहतं ते म्हणून. घरचे विचारतात, "डॉक्टर, औषध लागू पडलं ना, मग रक्त का कमी होतंय?"

(रॅपिड किटची रेघ जंतू मेल्यावरही काही आठवडे येत राहते. तेवढ्यावरून घाबरून पुन्हा गोळ्या घेऊ नका.)

मी_अमळनेरची
एकामागे साडेआठ! म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच.

निवृत्त_गुरुजी
चर्चा उत्तम. परंतु एक शंका. या मॉडेलांना रोजच्या रोज मोजलेले जंतू लागतात, आणि तेही औषध न देता. औषधाविना मलेरियाच्या रुग्णाला ठेवून रोज रक्त मोजायला कोणी आणि कधी परवानगी दिली? डॉक्टरसाहेब "जुन्या नोंदी" असे म्हणून पुढे गेले. ती जागा मला खटकली.

आकडेमोड
गुरुजी, बरोबर पकडलंत. ती गोष्ट अवघड आहे.

पेनिसिलिनच्या आधी मेंदूत शिरलेल्या उपदंशावर इलाज नव्हता. माणूस वेडा होऊन मरायचा. व्हिएन्नाच्या वॅग्नर-याउरेगनं १९१७ मध्ये अशा रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला. जोराच्या तापानं उपदंशाचा जंतू मरतो, मग क्विनाईननं मलेरिया थांबवायचा. काही रुग्ण सुधारले, काही मलेरियानंच गेले. १९२७ मध्ये त्याला त्याबद्दल नोबेल मिळालं. पुढे काही दशकं इंग्लंड-अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत हे चाललं आणि रोज रक्त मोजून वह्या भरल्या गेल्या. शरीरातल्या मलेरियाची बरीचशी मॉडेलं अजूनही त्या वह्यांवर उभी आहेत.

निवृत्त_गुरुजी
म्हणजे ज्यांना स्वतःचे नाव सांगण्याची शुद्ध नव्हती, त्यांची संमती कोणी घेतली? आपल्या पुतणीने प्रकल्पात पहिल्या पानावर हे लिहावे. समीकरणे दुसऱ्या पानावर.

शंकेखोर
गुरुजींचं नैतिक, माझं तांत्रिक. या मॉडेलांत चलपदं चार आणि स्थिरांक पंधरा. वाढीचा वेग, पेशीचं आयुष्य, प्रतिकारशक्ती किती दिवसांनी जागी होते, किती जोरात. मोजलेली गोष्ट मात्र एकच: पट्टीवरचे जंतू. पंधरा खुंट्या पिळायला मिळाल्या तर कुठलाही आलेख कुठल्याही आकड्यांवर बसवता येतो. दोन अगदी वेगळी मॉडेलं एकाच रुग्णावर तितकीच छान बसली तर खरं कुठलं? "मॉडेल बसलं" म्हणजे कारण सापडलं असं नाही.

आकडेमोड
मान्य, आणि हाच या धंद्यातला खरा वाद आहे. उपाय दोन. खुंट्या कमी करा: पेशीचं आयुष्य १२० दिवस, फेरी ४८ तासांची, ही वेगळी मोजलेली माहिती आहे, ती पिळायची नाही. आणि दुसरं, पट्टीसोबत आणखी काही मोजा: हिमोग्लोबिन, एचआरपी-२, जंतूंचं वय. डॉक्टरांच्या साडेआठचं बळ तिथे आहे, कारण त्यात जंतू आणि रक्त दोन्ही मोजलेले होते. प्रतिकारशक्तीबद्दलची मॉडेलं मात्र अजून डगमगतात, तुमची शंका तिथे पूर्ण लागू.

शंकेखोर
चला, या संकेतस्थळावर पहिल्यांदाच माझ्याशी कोणी सहमत झालं. नोंद घ्या.

मी_अमळनेरची
अवांतर होईल, पण हे गणित घरच्या कामाचं आहे का? आमच्याकडे दर वर्षी एक जण तरी दुसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्यांचं पाकीट फळीवर ठेवून देतो. "कडू लागतं" म्हणे. त्याला काय सांगू?

आकडेमोड
पीएफच्या पाकिटाचा हिशेब सांगा. त्यातलं आर्टेमिसिनिन जातीचं औषध दर फेरीला जंतू साधारण दहा हजारपटीनं कमी करतं. बाराव्या दिवशी उपचार सुरू केला, जंतू ३० हजार कोटी. एका फेरीनंतर, म्हणजे दोन दिवसांनी, उरले ३ कोटी. ताप उतरला, पट्टी कोरी, पाकीट फळीवर. पण ३ कोटी म्हणजे पुन्हा आपला चौथा दिवस. दर फेरीला दहापट, आठ दिवसांत ते परत तिथेच.

तीनही दिवस घेतलं तर औषध दोन फेऱ्यांना गाठतं. दहा हजार गुणिले दहा हजार, म्हणजे १० कोटीपट घट. ३० हजार कोटी भागिले १० कोटी, उरले ३ हजार. शून्य नाही! म्हणून पाकिटात दुसरं, जास्त दिवस रक्तात टिकणारं औषध असतं. ते या ३ हजारांसाठी.

डॉ_सुट्टीवर
हे छापून दवाखान्यात लावतो. पीव्हीचं प्रकरण वेगळं आहे हे मात्र जोडा. त्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात. त्यासाठी प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या असतात. लोक त्या तिसऱ्या दिवशी सोडतात आणि दिवाळीत म्हणतात "पुन्हा डास चावला." डास नाही चावला, जुनाच उठला. आणि प्रायमाक्विन डॉक्टरला विचारूनच घ्या, जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर त्यानं रक्तपेशी फुटतात. गरोदर बाईनं तर घेऊच नये.

जाता जाता: गंभीर पीएफमध्ये क्विनाईनऐवजी आर्टेसुनेटचं इंजेक्शन का? २००५ मध्ये आशियातल्या मोठ्या चाचणीत, ज्यात भारतातलेही रुग्ण होते, क्विनाईनवर २२ टक्के दगावले आणि आर्टेसुनेटवर १५ टक्के. कारण आर्टेसुनेट कोवळ्या अंगठ्यांनाही मारतं, चिकटायच्या आधीच. क्विनाईनचा मारा मोठ्या जंतूंवर, तोवर ते जाऊन बसलेले असतात.

सातपुडी
धडगावची. आमच्याकडे या चर्चेला आणखी एक पदर आहे, कोणी काढला नाही म्हणून लिहिते.

आमच्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) बराच आहे. माझ्या भावाची दोन मुलं: एकाला आजार, एक वाहक. वाहकाला मलेरिया होतो, पण मेंदूपर्यंत जाणारा, जिवावरचा सहसा होत नाही, असं आम्हाला आरोग्य शिबिरात सांगितलं. मग एका बाईनं विचारलं, "म्हणजे सिकल चांगला की वाईट?" शिबिरवाल्यांची बोलती बंद. तुमचं गणित याचं काही उत्तर देतं का?

डॉ_सुट्टीवर
ताई, शिबिरात सांगितलं ते खरं आहे. अ‍ॅलिसननं १९५४ मध्ये आफ्रिकेत ते दाखवलं, आणि वाहक मुलांमध्ये गंभीर पीएफ सुमारे ९० टक्के कमी आढळतो. पण हे फक्त वाहकाबद्दल. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला मलेरिया झाला तर फार धोका, त्यानं तापाची एक दिवसही वाट बघू नये.

आकडेमोड
त्या बाईचा प्रश्न शिबिरातल्या सगळ्या फलकांपेक्षा भारी आहे.

एक खेळ करू. वाहकाच्या पेशीत जंतूची वाढ खुंटते आणि चिकटणंही कमी होतं, एवढं माहीत आहे. चिकटणं सोडून देऊ. समजा (फक्त समजा) दर फेरीला दहापटीऐवजी पाचपट वाढ झाली. निम्मीच. १४ दिवसांत सात फेऱ्या. दहाच्या हिशेबानं ३ लाख कोटी. पाचच्या हिशेबानं २,३०० कोटींच्या आसपास. म्हणजे १२८ पट कमी! शंभरातल्या बारा पेशी बाधित असण्याऐवजी हजारात एक. वाढीत निम्मा फरक, आणि निकाल अतिदक्षता विभागाऐवजी घरी गोधडीत ताप काढण्याचा. दोन फेऱ्या जास्त मिळाल्या की प्रतिकारशक्तीलाही उठायला वेळ मिळतो.

चांगला की वाईट? मलेरिया जिथे दाट होता तिथे सिकलच्या जनुकाची एक प्रत (वाहक) जीव वाचवत होती, दोन प्रती (आजार) जीव घेत होत्या. मलेरिया कमी झाला की पहिली बाजू पुसली जाते, दुसरी तशीच राहते. लग्नाआधी तपासणी करा म्हणतात ते म्हणून.

सातपुडी
सात फेऱ्यांचं मी भावाच्या पोराला कॅलक्युलेटरवर करून दाखवलं. वाहक आहे तो, आठवीत. दोनदा करून बघितलं त्यानं. मग म्हणाला, "आत्या, मग मोठ्याला का नाही?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वांग्याचं_भरीत
ताई, यावर विनोद सुचत नाही.

खान्देशी_तडका
जुनी आठवण. आमच्या गावात मलेरियावाला यायचा, भिंतीवर गेरूनं तारीख टाकायचा आणि डीडीटी फवारायचा. आजी फवारू द्यायची नाही, नुकतीच सारवलेली भिंत पांढरी व्हायची ना. मग एकदा कोणीतरी सांगितलं, यानं ढेकूण मरतात. दुसऱ्या वर्षापासून आजी स्वतः बोलवायला जायची, "भाऊ, खाटलं बी फवार!"

निवृत्त_गुरुजी
ती फवारणी हा एक मोठा अध्याय आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असत. १९५३ चा नियंत्रण कार्यक्रम, १९५८ चा निर्मूलन कार्यक्रम, आणि १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखावर आले. मग ढिलाई झाली, डास डीडीटीला सरावले, आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. पांझराकाठ यांचे आप्पा बहुधा त्या उसळीनंतरच्या भरतीतले असावेत.

पांझराकाठ
गुरुजी, बरोबर, आप्पा १९७७ चे.

काल धुळ्याला गेलो होतो. पुतणीही आली होती. तिनं आप्पांना धाग्यातलं सगळं वाचून दाखवलं, केळीवाले भाऊंच्या बोंडअळीसकट. साडेआठवर आप्पांनी दोनदा "किती?" विचारलं. काचपट्टी यांचा प्रतिसाद वाचताना मध्येच थांबवलं आणि म्हणाले, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचला.

मग बराच वेळ काही नाही. पोरीला वाटलं झोपले. शेवटी म्हणाले, "पट्टी त्यानं बरोबर वाचली असंल तर मी चाळीस वर्षं त्याला..." आणि उठून आत गेले. तो तंत्रज्ञ आता हयात नाही.

आज सकाळी पोरीकडे त्यांनी एक प्रश्न दिलाय, इथे विचारायला: जंतू चिकटून बसलेले असतील आणि पट्टीवर येणारच नसतील, तर त्या पट्टीवर दुसरी काही खूण दिसली असती का?

काचपट्टी
आप्पांना नमस्कार सांगा.

हो, दिसली असती. जंतू तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि त्याचा काळपट-तपकिरी गाळ उरतो. पेशी फुटली की तो गाळ पांढऱ्या पेशी गिळतात. पट्टीवर जंतू चार-दोनच, पण पांढऱ्या पेशींत ते काळे दाणे भरपूर दिसले, तर समजायचं की आत पुष्कळ पेशी नुकत्या फुटून गेल्यात. दुसरं म्हणजे अंगठ्यांचं वय. सगळ्या जाड, मोठ्या असतील तर थोड्याच वेळात त्याही चिकटणार. दोन्ही साध्या सूक्ष्मदर्शकावर दिसतं, वेगळं काही लागत नाही.

पांझराकाठ
वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, पीव्ही की पीएफ आणि अधिकच्या खुणा किती, एवढेच रकाने होते. काळ्या दाण्यांना रकानाच नव्हता.

पोरगी आता प्रकल्पात तेच घेणार म्हणते: पट्टीवरचे जंतू आणि काळे दाणे, दोन्ही धरून मॉडेल. गुरुजींचं पहिलं पान मान्य केलंय तिनं.

काचपट्टी
आमच्या फॉर्मवर आजही नाही. मी समासात लिहितो.